डेस्कटॉप डेटाबेसमधील विदा विनिमय

डेस्कटॉप डेटाबेसमधील विदा विनिमय म्हणजे वैयक्तिक संगणकावर चालणाऱ्या एका डेटाबेस आज्ञावलीतील नोंदी दुसऱ्या आज्ञावलीला वाचता आणि वापरता येतील अशा रीतीने तिच्याकडे सोपवणे होय. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो, पॅराडॉक्स, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस, फाइलमेकर आणि लिब्रेऑफिस बेस या अशा आज्ञावली आहेत. हा विनिमय प्रामुख्याने तीन मार्गांनी होतो. पहिल्या मार्गात एका आज्ञावलीची मूळ फाइल दुसरी आज्ञावली थेट उघडते. दुसऱ्या मार्गात नोंदी साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून घेतल्या जातात व तेथून पुन्हा भरल्या जातात. तिसऱ्या मार्गात दोन आज्ञावलींमध्ये ओडीबीसीसारखा दुवा ठेवला जातो आणि विदा मूळ जागीच राहून वापरली जाते.

या तिन्ही मार्गांनी रकान्यांतील मूल्ये बहुतेक वेळा पोहोचतात. मात्र रकान्याचा प्रकार, मजकुराचे संकेतन, रिकाम्या जागेचा अर्थ, सारण्यांमधील परस्परसंबंध आणि नोंदींवरील नियम यांचा काही भाग वाटेत गळून पडतो. ही गळती बहुधा कोणतीही त्रुटीसूचना न देता होते, त्यामुळे ती लक्षात येईपर्यंत मूळ फाइल नष्ट झालेली असू शकते.

इतिहास

वैयक्तिक संगणकावरील डेटाबेसचा प्रसार डीबेसपासून झाला असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हल्कन नावाची आज्ञावली लिहिली. तिच्यामागे त्याच प्रयोगशाळेतील जेपीएलडीआयएस या मोठ्या संगणकावरील प्रणालीची प्रेरणा होती. पुढे ॲश्टन-टेट या कंपनीने तिचे हक्क घेऊन ती डीबेस २ या नावाने बाजारात आणली. नावात 'दोन' असले तरी 'डीबेस एक' कधीच अस्तित्वात नव्हते, आणि कंपनीच्या संस्थापकांत ॲश्टन नावाचे कोणीही नव्हते. १९८४ मध्ये डीबेस ३ आले. त्याच्या फाइलची रचना नंतरच्या विनिमयाचा पाया ठरली.

या यशामुळे डीबेसची भाषा आणि फाइल दोन्ही जशाच्या तशा वापरणारी उत्पादने निघाली. नॅन्टकेट कंपनीचे क्लिपर आणि फॉक्स सॉफ्टवेअरचे फॉक्सबेस ही त्यांतील प्रमुख होत. ॲश्टन-टेटने १९८८ मध्ये फॉक्स सॉफ्टवेअरवर स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला. डिसेंबर १९९० मध्ये न्यायालयाने उलट ॲश्टन-टेटचाच हक्क रद्द ठरवला, कारण डीबेस हे जेपीएलडीआयएसवरून घडले आहे ही गोष्ट हक्कनोंदणीच्या वेळी सांगितलेली नव्हती. काही महिन्यांतच त्याच न्यायाधीशांनी हा निर्णय मागे घेतला. दरम्यान १९९१ मध्ये बोरलँडने ॲश्टन-टेट विकत घेतली आणि दावा तडजोडीने संपला. एखाद्या भाषेवर किंवा फाइलच्या रचनेवर मालकी सांगता येते का, हा प्रश्न या खटल्याने सुटला नाही. व्यवहारात मात्र तोपर्यंत त्याचे उत्तर मिळालेले होते, कारण डीबीएफ फाइल सर्वांचीच झाली होती. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतले आणि त्याच वर्षी ॲक्सेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ॲक्सेसला डीबेस, फॉक्सप्रो आणि पॅराडॉक्सच्या सारण्या आयात करता येत व जागेवरच जोडूनही घेता येत. प्रतिस्पर्ध्याच्या फाइल वाचता येणे ही त्या काळी ग्राहक ओढून घेण्याची मुख्य युक्ती होती.

डीबीएफ फाइलची रचना

डीबीएफ हे स्वरूप टिकले ते त्याच्या साधेपणामुळे. फाइलच्या आरंभी ३२ बाइटांचे शीर्ष असते. त्यात आवृत्तीचा क्रमांक, शेवटच्या बदलाची तारीख, एकूण नोंदींची संख्या, शीर्षाची लांबी आणि एका नोंदीची लांबी दिलेली असते. त्यानंतर प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटांचे वर्णन येते. रकान्याच्या नावाला १० अक्षरांची मर्यादा असते. प्रकार एका अक्षराने सांगितला जातो. डीबेस ३ मध्ये मजकूर, संख्या, तारीख, हो-नाही आणि टिपण असे पाच प्रकार आहेत. वर्णने संपल्याची खूण म्हणून एक बाइट येतो आणि मग नोंदी एकापुढे एक, समान लांबीच्या, कोणत्याही विभाजकाविना मांडलेल्या असतात.

उदाहरणार्थ, एखाद्या पतसंस्थेच्या सभासद सारणीत क्रमांक ६, नाव ३०, जन्मतारीख ८, ठेव १० आणि चालू-बंद १ अशा रुंदीचे पाच रकाने असल्यास त्यांची बेरीज ५५ होते. प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाइट राखीव असल्याने नोंदीची लांबी ५६ भरते. शीर्षाचे ३२, पाच वर्णनांचे १६० आणि समाप्तीच्या खुणेचा १ मिळून १९३ बाइट होतात. म्हणून १,००० सभासदांची फाइल, शेवटच्या समाप्तीचिन्हासह, ५६,१९४ बाइटांची असते. हा हिशेब कागदावर करता येण्याजोगा असल्यामुळे अनेक प्रोग्रामरांनी डीबीएफ वाचणारी आज्ञावली स्वतःच लिहिली, आणि बिघडलेल्या फाइलमधील नोंदी हाताने बाहेर काढणेही शक्य झाले.

संख्यादेखील या फाइलमध्ये अंकांच्या मजकुरासारखीच, उजवीकडे सरकवून लिहिलेली असते. तारीख आठ अंकी असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे तारखांबाबत डीबीएफ हे नंतरच्या अनेक स्वरूपांपेक्षा निःसंदिग्ध आहे. शीर्षातील 'शेवटचा बदल' मात्र वर्षासाठी एकच बाइट वापरतो.

नोंदीच्या आधीचा तो राखीव बाइट वगळलेल्या नोंदींसाठी असतो. नोंद वगळली की ती पुसली जात नाही, केवळ तेथे तारांकन उमटते. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती प्रत्यक्षात नाहीशी होते. ही खूण न पाहणारी आज्ञावली फाइल वाचू लागली तर वगळलेल्या सर्व नोंदी जिवंत होऊन परततात. सभासद यादीत मृत व्यक्ती पुन्हा दिसणे किंवा रद्द केलेली पावती पुन्हा हिशेबात येणे ही याची नेहमीची लक्षणे आहेत. अशा वेळी बेरीज वाढलेली असते, पण नोंदी दिसायला अगदी खऱ्या असल्यामुळे चूक चटकन सापडत नाही.

टिपणाच्या रकान्यातील मजकूर डीबीएफमध्ये नसतोच. तेथे केवळ खंडाचा क्रमांक असतो आणि मजकूर डीबेसमध्ये डीबीटी, तर फॉक्सप्रोमध्ये एफपीटी या जोडफाइलमध्ये राहतो. फ्लॉपीवर केवळ डीबीएफ उचलून नेल्यामुळे सर्व टिपणे मागे राहण्याचे प्रसंग त्यामुळे वारंवार येत. निर्देशांकाच्या फाइलही प्रत्येक उत्पादनाच्या वेगळ्या होत्या. डीबेस ३ ची एनडीएक्स, डीबेस ४ ची एमडीएक्स, क्लिपरची एनटीएक्स आणि फॉक्सप्रोची सीडीएक्स ही स्वरूपे एकमेकांना चालत नसत. एका आज्ञावलीने नोंद वाढवली आणि दुसरीच्या निर्देशांकाला ते कळले नाही, तर शोधात ती नोंद सापडत नसे. यावर उपाय सोपा होता, निर्देशांक नव्याने बांधणे. तो करायला हवा हे मात्र वापरकर्त्याला माहीत असावे लागे.

डेस्कटॉप डेटाबेसचा काळ ओसरल्यावरही डीबीएफ एका अनपेक्षित ठिकाणी तगून राहिले. भौगोलिक माहितीप्रणालींत वापरल्या जाणाऱ्या एसरी कंपनीच्या शेपफाइलमध्ये नकाशावरील आकृत्यांचे गुणधर्म डीबीएफमध्ये ठेवलेले असतात. त्यामुळे आजही नकाशाच्या सारण्यांमध्ये रकान्यांची नावे दहा अक्षरांत तोडलेली दिसतात.

मजकूर फाइलद्वारे विनिमय

एकमेकांची मूळ फाइल न वाचणाऱ्या आज्ञावलींमध्ये साधी मजकूर फाइल हे समान माध्यम ठरते. डीबेसमध्ये 'कॉपी टू' आणि 'ॲपेंड फ्रॉम' या आज्ञांनी अशा फाइल लिहिता-वाचता येत. त्यात एसडीएफ हा ठरावीक रुंदीचा प्रकार आणि विभाजकांनी तोडलेला प्रकार असे दोन पर्याय होते. तक्त्यांच्या आज्ञावलींसाठी व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांनी डीआयएफ आणि मायक्रोसॉफ्टने सिल्क ही स्वरूपे काढली, पण ती मागे पडली. सिल्कची एक आठवण अजून शिल्लक आहे. रोमन मोठ्या लिपीतील 'आयडी' या दोन अक्षरांनी सुरू होणारी मजकूर फाइल एक्सेल सिल्क समजते आणि विनाकारण इशारा देते. पहिल्या रकान्याचे नावच 'आयडी' असण्याची पद्धत सार्वत्रिक असल्याने हा इशारा पुष्कळांनी पाहिलेला असतो.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने विभागलेली मूल्ये. हे स्वरूप या सर्वांत टिकाऊ ठरले. ते अनेक वर्षे कोणत्याही लिखित नियमांशिवाय वापरात होते. ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजाने प्रचलित रीत शब्दबद्ध केली. तिच्यानुसार स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असलेले मूल्य दुहेरी अवतरणात ठेवायचे आणि मूल्यातील अवतरणचिन्ह दोनदा लिहायचे. हा दस्तऐवज माहितीपर असून बंधनकारक मानक नाही. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या युरोपीय देशांत विभाजक म्हणून अर्धविराम येतो. फाइलमेकर एकाच रकान्यातील नवी ओळ निर्यात करताना तिच्या जागी उभ्या टॅबचे नियंत्रणचिन्ह ठेवते. परिणामी 'सीएसव्ही' हे नाव एकच असले तरी प्रत्यक्षात ते स्वरूपांचे एक कुटुंब आहे.

सीएसव्हीमध्ये रकान्याचा प्रकार लिहिण्याची सोयच नसते. वाचणारी आज्ञावली तो अंदाजाने ठरवते. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० हा संख्या समजला गेला की २० होतो, कोल्हापूरचा ०२३१ हा २३१ होतो. एक्सेल संख्येचे १५ सार्थ अंकच जपते, म्हणून १६ किंवा अधिक अंकी बँक खातेक्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. बारा अंकी आधार क्रमांक स्मृतीत सुरक्षित राहतो, पण पडद्यावर घातांकी रूपात दिसतो. त्याच अवस्थेत फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली की दिसणारे रूपच लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात. फाइल केवळ 'उघडून बघण्याची' कृती त्यामुळे धोक्याची ठरते. मजकूर फाइल उघडण्याऐवजी आयातीच्या सोयीने आणून अशा रकान्यांना मजकूर हा प्रकार देणे हा त्यावरचा मार्ग आहे.

या अंदाजांचा परिणाम विज्ञानापर्यंत पोहोचला. मानवी जनुकांची काही लघुनावे इंग्रजी महिन्यांच्या संक्षेपांसारखी असल्याने एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. अखेर जनुकांना नावे देणाऱ्या एचजीएनसी या समितीने 'मार्च १' आणि 'सेप्ट १' यांसारखी नावे बदलून 'मार्चएफ १' आणि 'सेप्टिन १' अशी केली. तिने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अडचणी टाळण्याचा विचार नोंदवला आहे.

तारखा आणि रिक्त मूल्ये

मजकूर फाइलमध्ये ०५/०६/१९९८ असे लिहिलेले असल्यास भारतात ती ५ जून होते आणि अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ६ मे. महिन्याच्या बाराव्या दिवसापर्यंतच्या सर्व तारखा या गोंधळात सापडतात. तेराव्यापासूनच्या तारखा मात्र एकाच प्रकारे वाचता येतात, म्हणून आयात 'बहुतांशी बरोबर' भासते. दोन अंकी वर्षांनी आणखी भर पडते. जन्मवर्ष '२५' हे १९२५ की २०२५ हे फाइल सांगू शकत नाही.

आज्ञावलींच्या अंतर्गत मोजणीतही फरक आहेत. ॲक्सेसचा शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० ला पहिला दिवस मानते, पण लोटस १-२-३ शी जुळते राहण्यासाठी १९०० हे लीप वर्ष असल्याची चूक तिने जाणूनबुजून जपली आहे. त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे जुळतात. मॅकिंटॉशवरील एक्सेलच्या जुन्या फाइल १९०४ पासून दिवस मोजत. त्यांतील आकडा तसाच उचलला तर तारीख १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने सरकते.

डीबेस ३ मध्ये 'मूल्य माहीत नाही' असे सांगण्याची सोय नव्हती. रिकामा ठेवलेला संख्येचा रकाना वाचताना शून्य म्हणून येई. ॲक्सेससारख्या नंतरच्या आज्ञावलींत शून्य, रिकामा मजकूर आणि अज्ञात मूल्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सीएसव्हीमध्ये लागोपाठच्या दोन स्वल्पविरामांमधील जागा यांपैकी काय आहे हे ठरवता येत नाही. विद्यार्थ्याला शून्य गुण मिळाले की तो परीक्षेला बसलाच नाही, हा फरक अशा स्थलांतरात सर्वप्रथम नाहीसा होतो आणि वर्गाची सरासरी त्याने खाली येते.

देवनागरी मजकुराचे स्थलांतर

डीबेस आणि फॉक्सप्रो यांना लिपीचे ज्ञान नव्हते, त्यांच्या दृष्टीने मजकूर म्हणजे बाइटांची रांग. याच कारणाने त्यांत मराठी साठवता आले आणि याच कारणाने ते बाहेर काढणे अवघड झाले.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केलेल्या इस्की या मानकात एका वर्णासाठी एक बाइट आहे. पुण्यातील सीडॅक या संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवरील डीबेससारख्या सामान्य आज्ञावलींमध्ये देवनागरी लिहिता-वाचता येऊ लागली. इस्कीत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना सामाईक संकेतांक असल्याने एकच नामावली देवनागरीत, गुजरातीत किंवा कन्नडमध्ये दाखवता येई. संकेतांकांचा क्रम वर्णमालेला धरून असल्यामुळे अकारविल्हे लावणेही बऱ्याच अंशी साधत असे. अशा फाइलचे युनिकोडमध्ये रूपांतर तुलनेने सरळ आहे, कारण युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या मांडणीवरच बेतलेला आहे. विंडोजमध्ये इस्की देवनागरीला ५७००२ हा संकेतसारणी क्रमांक आहे. मात्र डीबीएफच्या शीर्षात संकेतसारणी सांगण्यासाठी जो बाइट आहे, त्याच्यासाठी व्हिज्युअल फॉक्सप्रोने मान्य केलेल्या यादीत इस्की नाही. त्यामुळे फाइलकडे पाहून ती इस्की असल्याचे समजत नाही, ती माहिती बाहेरूनच मिळवावी लागते.

विंडोजच्या काळात रुळलेल्या संकेतबाह्य फाँटांची स्थिती याहून बिकट आहे. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. साठवले जाते ते वर्ण नसून आकारांचे तुकडे असतात. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिताना आधी काढली जाते, म्हणून अशा फाइलमध्ये 'विजय' या नावाचा पहिला बाइट 'व' चा नसून वेलांटीचा असतो. साहजिकच वर्णानुक्रम बिघडतो आणि प्रत्येक फाँटासाठी वेगळा रूपांतरक लागतो. सीएसव्हीत अशी विदा निर्यात करताना आणखी एक पेच येतो. हिंदी-मराठी टंकलेखनात वापरल्या जाणाऱ्या कृतिदेव या फाँटात 'ए' हे अक्षर स्वल्पविरामाच्या जागी आणि 'ष' चा अर्धा आकार दुहेरी अवतरणचिन्हाच्या जागी आहे. मूल्ये अवतरणात न ठेवता लिहिलेल्या फाइलमध्ये 'एकनाथ' या नावाने ओळ फुटून पुढचे सर्व रकाने एका घराने सरकतात. ती अवतरणात ठेवली तर 'संतोष' या नावातील 'ष' अवतरण अर्ध्यावर तोडतो. अशा विदेसाठी स्वल्पविराम सोडून टॅब किंवा ठरावीक रुंदीचे स्वरूप निवडणे श्रेयस्कर असते.

युनिकोडमध्ये आल्यावर रुंदीचा प्रश्न उभा राहतो. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात आणि डीबीएफच्या रकान्याची रुंदी बाइटांत मोजली जाते. 'पुणे' या शब्दाला इस्कीत ४ तर यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट लागतात. मजकूर रकान्याच्या २५४ बाइटांत ८४ चिन्हेच मावतात. 'कोल्हापूर' मध्ये काना, मात्रा, हलन्त धरून ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट आहेत. गावाचा रकाना २० बाइटांचा असल्यास त्यात सहा चिन्हे पूर्ण बसतात आणि 'प' चे दोन बाइट अर्धवट राहतात. सारणीत उरतो तो 'कोल्हा' आणि त्यापुढे एक फुटके चिन्ह. रकान्याचे नाव देवनागरीत द्यायचे तर तीन चिन्हांतच भागवावे लागते. नकाशांच्या शेपफाइलमध्ये गावांची नावे मराठीत ठेवणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो. संकेतन कोणते हे सांगण्यासाठी अशा फाइलसोबत सीपीजी ही लहानशी फाइल जोडली जाते.

मराठीला विशेष असलेल्या 'ऱ' कडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. युनिकोडमध्ये तो एकाच संकेतांकाने किंवा 'र' व नुक्ता अशा जोडीने लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे असले तरी सामान्यीकरण न केल्यास डेटाबेस त्यांना भिन्न मानतो आणि शोधात एकच रूप सापडते. जुन्या रूपांतरकांत नुक्ता गाळला गेला तर 'दऱ्या' चे 'दर्या' होते. शब्द अर्थपूर्णच राहिल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही तो पकडू शकत नाही.

थेट जोडणी

विदा हलवण्याऐवजी जागेवरच वाचावी या विचारातून मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी सादर केले. त्यात आज्ञावली एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारते, मधला व्यवस्थापक योग्य तो ड्रायव्हर शोधतो आणि ड्रायव्हर त्या प्रश्नाचे संबंधित डेटाबेसला समजेल अशा रूपात भाषांतर करतो. एसक्यूएल ॲक्सेस ग्रुपच्या ज्या कामावर ते आधारलेले होते, त्याचेच पुढे १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात रूपांतर झाले. ॲक्सेसमधील जोडसारण्या, लिब्रेऑफिस बेसमधील बाह्य जोडण्या आणि एक्सेलमधील विदा आयात यांमागे ही यंत्रणा असते. रकान्यांचे प्रकार अंदाजाने ठरवावे लागत नाहीत, हा तिचा मोठा लाभ आहे.

ड्रायव्हर आणि आज्ञावली यांची बिटसंख्या सारखी असणे आवश्यक असते. ६४ बिटांच्या ऑफिसला ३२ बिटांचा ड्रायव्हर दिसत नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या सारण्यांसाठीचा मायक्रोसॉफ्टचा ओएलई डीबी घटक ३२ बिटांतच उपलब्ध झाला, म्हणून नव्या संगणकांवर जुनी विदा वाचण्यासाठी अनेकदा ३२ बिटांची एखादी मधली आज्ञावली ठेवावी लागते. थेट जोडणीत सुविधा काढून घेतली जाण्याचाही संभव असतो. ॲक्सेस २०१३ मधून डीबेस फाइल उघडण्याची सोय वगळण्यात आली आणि पुढे ऑफिस ३६५ च्या ग्राहकांना ती परत देण्यात आली.

संबंध आणि नियम

सभासद आणि कर्ज या दोन सारण्या सीएसव्हीत उतरवल्या तर दोन फाइल मिळतात, पण कर्जातील सभासद क्रमांक पहिल्या सारणीत असलाच पाहिजे हा नियम मिळत नाही. प्राथमिक कळ, अनिवार्य रकाने, मूल्यांच्या मर्यादा, साठवलेले प्रश्न, फॉर्म आणि अहवाल यांची वेगळी पुनर्रचना करावी लागते. डीबेस आणि क्लिपरच्या काळातील प्रणालींत हे नियम सारणीत नसून आज्ञावलीच्या ओळींत लिहिलेले असत. व्याज कोणत्या तारखेपासून मोजायचे, खाते बंद झाल्यावर कोणता संकेत भरायचा, हे ती आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठाऊक असे. डीबीएफ फाइल शाबूत आहे पण 'स्थिती' या रकान्यातील ३ चा अर्थ कोणालाच सांगता येत नाही, अशी अवस्था जुन्या प्रणालींच्या स्थलांतरात सर्रास आढळते. म्हणून विदेसोबत रकान्यांचा आणि संकेतांचा अर्थ सांगणारा विदाकोश सोपवण्याची पद्धत आहे.

स्वयंचलित क्रमांक असलेल्या रकान्यांत आणखी एक अडचण येते. नव्या डेटाबेसने क्रमांक नव्याने दिले तर इतर सारण्यांतील उल्लेख भलत्याच नोंदींकडे वळतात. आयातीच्या वेळी जुने क्रमांक तसेच ठेवून नंतर मोजणी पुढे सरकवणे हा सुरक्षित क्रम होय.

पडताळणी

हिशेबनिसांची ताळा घेण्याची रीत येथेही लागू पडते. स्थलांतरापूर्वी व नंतर नोंदींची संख्या, रकमांच्या रकान्यांची बेरीज, सर्वांत जुनी व सर्वांत नवी तारीख आणि प्रत्येक रकान्यातील रिकाम्या मूल्यांची संख्या जुळवून पाहिली जाते. खातेक्रमांकासारख्या बेरीज करण्यात अर्थ नसलेल्या रकान्यांचीही बेरीज काढतात, कारण एक अंक बदलला तरी ती जुळत नाही. मजकुरासाठी सर्वांत लांब मूल्ये तपासणे उपयुक्त असते, कारण रकान्याच्या काठाशी तंतोतंत संपणारी नावे बहुधा तुटलेली असतात. मराठी विदेत जोडाक्षरे, रफार, 'ऱ' आणि पहिली वेलांटी असलेल्या काही नोंदी मूळ छापील यादीशी डोळ्यांनी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

सद्यस्थिती

मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नसल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याचा विस्तारित आधारही संपला. ॲक्सेस चालू आहे. त्याचे एमडीबी हे जुने स्वरूप २००७ च्या आवृत्तीपासून एसीसीडीबीने मागे टाकले, मात्र एका फाइलला २ गिगाबाइटची मर्यादा कायम आहे.

एकाच फाइलमध्ये संपूर्ण डेटाबेस नेण्यासाठी आता एसक्यूलाइटचा वापर वाढला आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचा मूळ कोड सार्वजनिक मालकीत आहे आणि फाइलची रचना प्रसिद्ध केलेली आहे. तिच्यात सारण्यांसोबत त्यांच्या कळा, संबंध आणि निर्देशांकही जातात, आणि मजकूर युनिकोडमध्येच असतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विदासंचांच्या जतनासाठी शिफारस केलेल्या स्वरूपांत तिचा समावेश आहे, तर तिच्या विकासकांनी २०५० पर्यंत ती चालू ठेवण्याचा मानस जाहीर केला आहे. तारखेसाठी तिच्यात स्वतंत्र प्रकार मात्र नाही. तारीख मजकूर किंवा संख्या म्हणूनच ठेवावी लागते, आणि कोणत्या रीतीने ठेवली आहे हे घेणाऱ्याला वेगळे कळवावे लागते.